मुंबई महापालिकेची बातमी निर्णयाआधी हवी की निर्णयानंतर?

पान_तीन (धागाकर्ता)

पत्रकारिता कशासाठी, यावर दरवर्षी ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, भाषणं होतात. १८३२ साली मुंबईत निघालेल्या ‘दर्पण’चा आणि बाळशास्त्री जांभेकरांचा उल्लेख होतो, शाल-श्रीफळ होतं. मग पालिकेची बातमी पुन्हा नेहमीसारखीच येते: ‘अमुक कोटींच्या कामाला मंजुरी’. मंजुरी मिळून गेल्यावर ती वाचून नागरिकाने करायचं काय?

एका कामाचा प्रवास बघा. खात्यातला अभियंता अंदाजपत्रक करतो. निविदा निघते. निविदापूर्व बैठक होते, त्यानंतर शुद्धिपत्रक निघतं. दर उघडतात. आयुक्तांचं पत्र स्थायी समितीकडे, म्हणजे खर्च मंजूर करणाऱ्या नगरसेवकांच्या समितीकडे, जातं. मंजुरी, कार्यादेश, काम, मोजमाप, बिल आणि शेवटी दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा काळ. यातल्या मंजुरीची बातमी सगळीकडे असते, कारण तिचं प्रसिद्धिपत्रक आयतं मिळतं. हरकत घेता येते ती मात्र मंजुरीच्या आधी, आणि वसुली करता येते ती बिलाच्या वेळी किंवा दोषदायित्वात. या दोन्ही जागी वार्ताहर नसतो.

निविदापूर्व बैठकीनंतरचं शुद्धिपत्रक तर कोणी उघडतच नाही. पात्रतेच्या अटी तिथे बदलतात. आधी ‘अशा प्रकारचं एक काम केलेलं असावं’ असतं, नंतर ‘इतक्या कोटींचं, इतक्या वर्षांत’ होतं आणि दहा इच्छुकांचे तीन उरतात. संकेतस्थळावरची पीडीएफ आहे ती, कोणाच्या कपाटातली गोपनीय फाइल नव्हे.

माझं म्हणणं एवढंच: शहरातली बातमी निर्णय व्हायच्या किती दिवस आधी वाचकाच्या हाती पडते आणि काम झाल्यावर तिच्याकडे कोण परत जातं, यावर तिची किंमत ठरावी. बाकीचं जाणकारांनी लिहावं. शक्यतो तपशिलात.

गिरणगाव

धागा चांगला आहे, पण तुम्ही वर्तमानपत्राला लेखापरीक्षक करायला निघालात. शुद्धिपत्रक वाचणं हे नगरसेवकाचं काम. २२७ जण निवडून द्यायचे कशाला मग?

वर्तमानपत्राचं पहिलं काम म्हणजे ज्यांचं कोणी ऐकत नाही त्यांचं म्हणणं छापणं. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी ‘दीनबंधु’ हे पत्र मुंबईत आणलं तेव्हा त्यांच्याकडे कुठली निविदा होती? गिरणीत आठवड्याची सुट्टी नाही, एवढं त्यांना दिसत होतं. तेच त्यांनी लावून धरलं आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली.

पान_तीन

उदाहरण तुमचंच घेतो. १८८४ साली लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० सह्यांचं निवेदन सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनसमोर ठेवलं. कमिशनचं काम चालू होतं, कायदा बदलायचा होता, तेव्हा. मागण्याही नेमक्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार अमुक तारखेच्या आत. नुसता आवाज असता तर सहा वर्षं टिकला नसता.

आणि नगरसेवकांचं म्हणाल, तर ७ मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासकच स्थायी समिती आणि प्रशासकच सभागृह होता. त्या काळात विषय फाइलवर मंजूर होत होते. चर्चाच नाही, मग चर्चेचं वार्तांकन कुठून येणार? तेव्हा कागद वाचू शकणारे वार्ताहर किती उरलेत ते कळलं.

टाचणी

विषयपत्रिका कशी वाचायची ते लिहिते, कारण नवीन वार्ताहरांना हे कोणी शिकवत नाही. बीट (वार्ताहराला नेमून दिलेलं क्षेत्र) बदलतं, जुना माणूस निघून जातो आणि त्याच्याबरोबर सगळं ज्ञानही जातं.

स्थायी समितीत २७ सदस्य. पैशांचे मोठे विषय इथून जातात, त्यामुळे सभागृहातल्या भांडणापेक्षा ही बैठक महत्त्वाची. पत्रिका आली की रकमेवर लाल रेघ मारू नका. आधी ‘फेरफार’, ‘वाढीव खर्च’, ‘मुदतवाढ’ हे शब्द शोधा. नवं कंत्राट सगळ्यांना दिसतं. जुन्या कंत्राटात घातलेली वाढ कोणाला दिसत नाही. मूळ रक्कम, आधी दिलेली वाढ आणि आताची वाढ, तिन्ही एका ओळीत मांडा. आताची वाढ मूळ रकमेच्या टक्केवारीत सांगतात तेव्हा आधीची वाढ बऱ्याचदा वेगळ्या परिच्छेदात असते. दोन्हींची बेरीज तुम्हालाच करावी लागते.

दुसरं, अंदाजपत्रकाच्या किती टक्के कमी दराने काम दिलं. ३० टक्के कमी दर म्हणजे पालिकेची बचत, असा मथळा करायचा मोह होतो. अशा वेळी दोनच शक्यता असतात: अंदाजपत्रक फुगवलेलं होतं, नाहीतर काम तेवढ्यात होणार नाही. कोणती, हे दरविश्लेषण (दर कसा काढला त्याचा हिशेब) मागितल्यावर कळतं. त्या कंत्राटात पुढे फेरफार येतो का, यावर डोळा ठेवा.

तिसरं, बैठकीची भाषा. ‘दफ्तरी दाखल’ म्हणजे प्रस्ताव बारगळला. ‘राखून ठेवला’ म्हणजे पुढे ढकलला, पण कधीपर्यंत ते विचारा. ‘फेरविचारार्थ परत’ म्हणजे तोच प्रस्ताव थोडे कपडे बदलून येणार, तेव्हा जुनी प्रत जपून ठेवा आणि नवी आली की ओळीला ओळ लावा. या तिन्हींना ‘विरोधकांचा दणका’ म्हणून छापलं की वाचकाला वाटतं विषय संपला.

आयत्या वेळचे विषय ही वेगळीच जात. पत्रिकेत नसतात, बैठकीत टेबलावर येतात. यादी हाती घेतल्याशिवाय बैठकीतून उठू नये.

खडी_डांबर

टाचणीताईंच्या यादीला बांधकामाची पुरवणी जोडतो.

काँक्रिटच्या रस्त्याची बातमी ‘निकृष्ट काम, नागरिकांचा संताप’ अशी येते. सोबत भेगेचा फोटो. अभियंता एका ओळीत खुलासा करतो, ‘त्या पृष्ठभागावरच्या भेगा आहेत, चाचणी अहवाल समाधानकारक आहेत’, आणि बातमी तिथेच मरते. कारण पुढचा प्रश्न विचारायला कोणाला येत नाही.

पुढचा प्रश्न असा: चाचणी कशाची? ओतताना १५० मिलिमीटरचे ठोकळे भरतात, पाण्यात ठेवतात, ७ आणि २८ दिवसांनी दाबून फोडतात. एम-४० काँक्रिट असेल तर २८ दिवसांना ४० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या हिशेबाने ताकद भरली पाहिजे. ७ दिवसांना साधारण दोन तृतीयांश येते. पण हा ठोकळा प्रयोगशाळेच्या टाकीत सुखाने भिजत असतो. रस्त्याचं तसं नसतं. तीन गोष्टी बिघडतात:

मिक्सर ट्रॅफिकमध्ये अडकतो, माल घट्ट होतो, साइटवर नळी लावून पाणी मारतात. ठोकळा त्याआधी भरला असेल तर अहवाल उत्तम आणि रस्ता भुसभुशीत. तयार काँक्रिट भरल्यापासून साधारण दोन तासांत रिकामं व्हावं असा मानकातला नियम आहे. जास्त वेळ हवा तर त्यासाठीचं रसायन आधीच मिसळावं लागतं. प्रत्येक गाडीबरोबर चलन येतं, त्यावर भरल्याची वेळ असते. ओतल्याची वेळ साइटवरच्या नोंदवहीत. दोन्हींची वजाबाकी करा.

क्युरिंग. चौदा दिवस ओलं ठेवायचं. मुंबईत रस्ता लवकर खुला करायची घाई, गोणपाट दोन दिवसांत वाळतं, टँकरवाला येत नाही. पृष्ठभाग आधी सुकतो आणि भेगा पडतात.

सांधे. फरसबंदी ओतल्यावर ठरावीक तासांत आडवे काप घ्यावे लागतात, साधारण साडेचार मीटरवर. कटर उशिरा आला की काँक्रिट स्वतःच हवं तिथे फाटतं. वाकडीतिकडी आडवी भेग दिसली तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

म्हणून मागायचा असतो तो कोअर चाचणीचा अहवाल, म्हणजे प्रत्यक्ष रस्त्यातून कापलेल्या नळकांड्याचा. निकष सोपा: किमान तीन कोअर, सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. कोअर कुठून घेतला, ती जागा कोणी ठरवली, हेही विचारा. कंत्राटदाराने दाखवलेल्या जागेचा कोअर नेहमी पास होतो. 😀

मुलुंड_चेकनाका

एवढे कागद सामान्य माणसाला देणार कोण? वार्ताहराला तरी ओळखीने मिळतात.

अर्जदार

ओळखीने मिळालेला कागद उद्या ‘आमचा नाही’ म्हणून नाकारता येतो. माहिती अधिकारात मिळालेल्यावर सही-शिक्का असतो. पत्रकारानेही अर्ज करावा, ही माझी जुनी तक्रार आहे.

महाराष्ट्रातले नियम: अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांत. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. कारण सांगायची गरज नाही, कलम ६(२). मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. अपिलाला २० रुपयांचा स्टॅम्प. दुसऱ्या अपिलाला फार वेळ लागतो, म्हणून पहिला अर्जच असा लिहायचा की नाही म्हणायला जागा राहू नये.

अर्ज पडतात ते ‘का’ या शब्दामुळे. ‘रस्ता का खराब झाला?’ याचं उत्तर माहिती अधिकारात बसत नाही, कारण माहिती म्हणजे अस्तित्वात असलेली नोंद. लिहायचं असं: ‘अमुक चौक ते अमुक चौक या रस्त्याच्या काँक्रिटीकरणाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, ठोकळा व कोअर चाचण्यांचे सर्व अहवाल, दोषदायित्व कालावधीच्या सुरुवातीची व शेवटची तारीख आणि कंत्राटदारावर लावलेल्या दंडाच्या आदेशांच्या प्रती.’ झालं. एवढ्यात काम होतं.

प्रतीला पानामागे २ रुपये. फाइल जाडजूड असेल तर आधी निरीक्षण मागा. पहिल्या तासाला पैसे नाहीत. टिपणीची (फाइलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या शेऱ्यांची) पानं बघा, पत्रव्यवहाराची नव्हे. कनिष्ठ अभियंत्याने काय लिहिलं होतं आणि वर जाताना ते कुठे बदललं, ते टिपणीत दिसतं.

‘हा विषय आमच्या खात्याचा नाही’ असं उत्तर आलं तर कलम ६(३) दाखवा. अर्ज पाच दिवसांत योग्य खात्याकडे पाठवणं त्यांचं काम आहे. वॉर्ड, रस्ते खातं आणि पर्जन्य जलवाहिन्या खातं यांच्यातला टोलवाटोलवीचा खेळ इथे थांबतो.

एक नवीन अडचण. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे त्याच कलमात तपासावं लागे. आता ते शब्द गेले. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद राहिली आहे, तेव्हा अर्जात किंवा अपिलात तिचा उल्लेख करा. अधिकाऱ्याचं नाव मागण्यापेक्षा ‘सही करणाऱ्याचं पदनाम’ मागा, काम भागतं.

रात्रपाळी

डेस्कच्या, म्हणजे बातम्या तपासून पानात लावणाऱ्यांच्या, बाजूने लिहितो. सगळा दोष वार्ताहरावर टाकू नका.

रात्री साडेदहाला कॉपी येते, पानावर जागा ३०० शब्दांची. अशा वेळी पाऊस असेल तर काय होतं बघा. ‘मुंबईत १२० मिमी पाऊस’. कुठे? किती तासांत? हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. कुलाबा आणि सांताक्रूझ ही दोन वेधशाळांची ठिकाणं आणि त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक पडू शकतो: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला ७३. एकच आकडा ‘मुंबईचा’ म्हणून छापणं म्हणजे निम्म्या शहराला खोटं सांगणं.

नाले तुंबतात ते दिवसभराच्या आकड्याने नव्हे, तासाच्या. जुनी पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिमीच्या हिशेबाची, ब्रिमस्टोवॅड या जलवाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पात ती ५० करायची ठरली. तेव्हा प्रश्न असा: त्या भागातल्या पालिकेच्या पर्जन्यमापकावर सर्वात वाईट तासात किती पडला, आणि त्या वेळी भरती किती मीटरची होती? तासाला २० मिमी पडून, ओहोटी असताना पाणी तुंबलं असेल तर ती नालेसफाईची बातमी आहे, निसर्गाची नव्हे. ‘अतिवृष्टीमुळे’ हा शब्द पालिकेच्या प्रसिद्धिपत्रकातून थेट मथळ्यात उचलू नये. हवामान विभागाच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार. शब्द वापरायचे तर मोजून वापरा.

शब्दांवरून आणखी. मिठी नदीच्या गाळउपशाबद्दल मे २०२५ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने सुमारे ६५ कोटींच्या गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदवला. ‘गुन्हा नोंदवला’ एवढंच. ‘६५ कोटी लुटले’ असं लिहिलं तर न्यायालयाचं काम आपण उरकलं. गुन्ह्यात नाव आलं की आरोपी, शिक्षा झाली की दोषी. मधल्या काळात बदनामीचा दावा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, लेखणी धरणाऱ्याच्या घरी येतो.

आणि दुसरी बाजू. संध्याकाळी सातला फोन करून ‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ लिहिणं ही पळवाट झाली. प्रश्न लेखी, क्रमांक घालून, उत्तराला मुदत देऊन पाठवावेत. पाठवल्याची वेळ बातमीत छापावी.

गिरणगाव

रात्रपाळी, नालेसफाईचं काढलंतच म्हणून विचारतो. ‘१०० टक्के गाळ काढला’ हे दर मे महिन्यात छापून येतं. हे पडताळायचं कसं? की नाल्यावर जाऊन फोटो काढायचा?

खडी_डांबर

फोटो काढाच, पण पुराव्याला तो पुरत नाही. टक्केवारी कशाची ते आधी विचारा. पालिका वर्षाच्या गाळाचे भाग करते: पावसाळ्यापूर्वी इतका, पावसाळ्यात इतका, नंतर इतका. ‘१०० टक्के’ हे पावसाळ्यापूर्वीच्या उद्दिष्टाचे असतात, नाल्यातल्या सगळ्या गाळाचे नव्हेत. उद्दिष्ट कमी ठेवलं की शंभर सहज होतात.

मग वजनकाट्याच्या पावत्या. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वेळ, गाडी क्रमांक. ओला गाळ घनमीटरला साधारण दीड टन भरतो, त्यामुळे दहा घनमीटरच्या डंपरमध्ये पंचवीस टन दाखवले असतील तर पावतीतच खोट आहे. गाडी क्रमांक परिवहन विभागाच्या ॲपमध्ये घाला, वाहनाचा प्रकार दिसतो. एकाच गाडीच्या दोन फेऱ्यांमधला वेळ बघा. नाला ते टाकण्याची जागा हे अंतर त्या वेळात कापता येतं का? भर दुपारी, मुंबईत?

रिकाम्या गाडीचं वजन प्रत्येक फेरीला नेमकं तेच असेल तर ते मोजलेलं नाही, लिहिलेलं आहे.

हिशोबनीस

अर्थसंकल्पावर दोन शब्द. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा, त्यात भांडवली खर्च ४३,१६२ कोटी. सगळीकडे ‘विक्रमी’ म्हणून छापलं गेलं. अंदाज विक्रमी असायला काहीच लागत नाही.

कायद्याने आयुक्तांना ५ फेब्रुवारीपर्यंत अर्थसंकल्प मांडावा लागतो. त्या पुस्तकात चार रकाने असतात: सरलेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी चौथ्याची आणि दुसऱ्याची तुलना करते. करायला हवी पहिल्याची आणि त्या वर्षीच्या मूळ अंदाजाची. तो दोन वर्षांपूर्वीच्या पुस्तकात सापडतो, म्हणून जुनी पुस्तकं डाउनलोड करून ठेवा. एखाद्या खात्याला हजार कोटी दिले आणि प्रत्यक्षात सहाशे खर्च झाले, तर पुढच्या वर्षीचे बाराशे ही घोषणा आहे, तरतूद नाही.

दरडोई आकडा काढताना सांभाळा. हाताशी जनगणना २०११ ची, १ कोटी २४ लाखांची. त्याने भागलं की डोई साठ हजारांच्या आसपास येतात आणि ते वाचायला झकास वाटतं. पण भाज्य २०२५ चा आणि भाजक २०११ चा.

लेखापरीक्षण अहवालांकडेही दुर्लक्ष होतं. कॅगने (देशाच्या महालेखापरीक्षकांनी) पालिकेच्या सुमारे १२,००० कोटींच्या कामांचा विशेष अहवाल दिला, तो मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडला गेला. ६४ कामांत, ४,७५५ कोटींच्या वर रक्कम, करारनामाच केलेला नव्हता असं त्यात आहे. दोन दिवस राजकीय आरोप-प्रत्यारोप छापून आले. ती ६४ कामं कोणती, तुमच्या वॉर्डात त्यातलं कोणतं, हे वॉर्डवार मांडलं असतं तर महिनाभराच्या बातम्या झाल्या असत्या.

गिरणगाव

बरं, मान्य. पण महिनाभर एक वार्ताहर ६४ फाइलींना जुंपायचा तर त्याचा पगार कोण देणार? त्याच पालिकेच्या निविदा जाहिराती, त्याच बिल्डरची पहिल्या पानावरची जाकिट जाहिरात. या प्रश्नाला कोणी हात घालत नाहीये.

टाचणी

घालते. पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, पण खर्च तुम्ही समजता तेवढा नाही. ६४ फाइली एकाने करायच्या नाहीत. वॉर्ड वाटून घ्यायचे. भाषेची हद्द सोडून दोन-तीन पत्रांनी एकच अर्जांचा गठ्ठा टाकावा, कागद वाटून घ्यावेत, बातम्या आपापल्या कराव्यात. स्पर्धा फक्त ‘आधी कोण’ याचीच असते असं कोणी सांगितलं?

आणि पाठपुराव्याची वही. साधी एक्सेल: कामाचं नाव, कार्यादेशाची तारीख, पूर्ण व्हायची तारीख, दोषदायित्व संपायची तारीख, शेवटचा रकाना ‘पुन्हा कधी बघायचं’. दोषदायित्व संपायच्या तीन महिने आधी त्या रस्त्यावर जाऊन यायचं. तोवर पडलेला खड्डा कंत्राटदाराच्या खर्चाने भरायचा असतो, त्यानंतर तुमच्या-माझ्या. ही वही बीटची असावी, माणसाची नव्हे.

मुलुंड_चेकनाका

आणि बातमीच चुकीची असेल तर? आमच्या भागाबद्दल एका दैनिकाने रस्ता पूर्ण झाल्याचं छापलंय, प्रत्यक्षात अर्धा उकरलेला आहे.

रात्रपाळी

आधी संपादकाला लेखी कळवा: अंकाची तारीख, पान, मथळा, चूक काय, पुरावा काय. फोटोत ओळखीची खूण येऊ द्या, दुकानाची पाटी वगैरे. ‘तुम्ही विकले गेलात’ हे वाक्य घातलं की पत्र बाजूला पडतं, ते टाळा. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, तक्रार. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर छापून आल्यापासून दोन महिन्यांत, बाकी नियतकालिकांना चार. संपादकाशी झालेला पत्रव्यवहार आणि मूळ कात्रण जोडावं लागतं. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे ओढू शकते, हे धरून चाला. वाहिन्यांना हे लागू नाही, त्यांची व्यवस्था वेगळी.

तुमच्या बाबतीत मात्र मी आधी पालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून क्रमांक घेईन आणि तोच संपादकाला पाठवीन. तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद झाली आणि रस्ता तसाच असेल, तर तुमच्याकडे नुसत्या चूक-दुरुस्तीऐवजी बातमी आहे.

अर्जदार

आणि बंद करताना अधिकाऱ्याने काय शेरा मारला, तो माहिती अधिकारात मागा. दहा रुपये.

मुलुंड_चेकनाका

क्रमांक घेतला. रस्ते खात्याकडे गेलीय तक्रार. चार दिवसांत काही झालं नाही तर इथेच माहिती अधिकाराच्या अर्जाचा मजकूर टाकतो, १५० शब्दांत बसवायला मदत करा.